भुवईताईंचा मास्क

भुवईताईंनी मास्क लावला तेव्हा कुणी काही विचारलं नाही, कारण तेव्हा सगळेच लावत होते. सगळ्यांनी काढला आणि त्यांनी काढला नाही, तेव्हा मात्र ज्याला त्याला कारण हवं झालं. माणसांची ही जुनी खोड आहे. चार जणांबरोबर केलं तर तो नियम, एकटीने केलं तर ते खूळ.

त्यांचं खरं नाव पार्लरच्या हजेरीवहीत होतं आणि तिथेच राहिलं. बायका त्यांना भुवईताई म्हणत. तीन खुर्च्यांचं पार्लर. एका खुर्चीवर केस कापले जात, एका खुर्चीवर मालकीणबाई चेहऱ्याला लेप लावत, आणि खिडकीजवळची तिसरी खुर्ची भुवईताईंची. सत्तावीस वर्षं त्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी दोऱ्याने भुवया कोरल्या होत्या. हे काम त्यांना मावशीने शिकवलं. हातभर सुती दोरा, एक टोक दातात, दुसरं डाव्या हाताच्या बोटांना, मधे पीळ, आणि तो पीळ कातडीवरून असा सरकवायचा की केस मुळासकट यावा आणि बाईने ‘आई गं’ म्हणायच्या आत पुढचाही आलेला असावा. मावशी म्हणायची, “हाताला फक्त ओढता येतं. किती ओढायचं ते दाताला कळतं.” ताईंच्या दातांना ते इतकं कळलं होतं की वरच्या पुढच्या दोन दातांच्या कडांना दोऱ्याने बारीक खाचा पडल्या होत्या. त्यांची रेघ अशी बसे की दोन भुवया बहिणी वाटाव्यात, शेजारणी नव्हे.

साथ आली तेव्हा पार्लर पहिल्या दिवशी बंद झालं आणि सगळ्यांत शेवटी उघडलं. बरोबरच होतं ते. जिथे एका बाईचं तोंड दुसऱ्या बाईच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं, तो धंदा साथीत चालवायचा कसा? ताई घरी बसल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांची हिरडी सुजली. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडांना घाबरून स्वतःच्या घरी बसलेले. लवंग दाबून आणि गोळ्या गिळून ताईंनी दोन महिने काढले. दवाखाना उघडला त्या दिवशी डॉक्टरांनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि ते दोन्ही दात काढून ताटलीत ठेवले. म्हणाले, “थोडं आधी आला असतात तर वाचले असते.” आधी म्हणजे नेमकं कधी, हे विचारायला ताईंचं तोंड बधिर होतं.

आता दोन दात पडले, यात लपवण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. ज्यांचे शाबूत आहेत त्यांनी जरूर म्हणावं. पण जिच्याकडे बाया सुंदर व्हायला येतात तिनेच बोळकं दाखवायचं? आणि नुसतं दिसण्याचं असतं तरी ताईंनी निभावून नेलं असतं. ते दात म्हणजे त्यांची हत्यारं होती. सुताराची पटाशी हरवली तर तो दुसरी आणतो. ताईंनी काय आणायचं?

त्या घरात कुणाशी बोलेनात. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे. तेही त्या काळात घरीच. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “अगं, दोरा कुठेतरी बांधला पाहिजे ना, एवढंच? लिफ्टमध्ये एक दोर तुटला तर आम्ही दुसरीकडून ताण देतो. दाताऐवजी गळ्यात अडकव.”

“गळ्यात? मी काय गाय आहे?”

“बघ तर खरी.”

दोऱ्याचा फास गळ्यात अडकवून ताईंनी आधी स्वतःच्या पायावर सराव केला. जबड्याचं काम मान मागे नेऊन करायचं. पहिल्या आठवड्यात पोटरीवर एक केस राहिला नाही आणि कातडीही फारशी राहिली नाही. मग यजमानांचे कान. त्यांच्या कानांवर केसांचं चांगलं पीक होतं.

“आई गं! अगं कान काय प्रयोगशाळा आहे का माझा?”

“तुम्हीच सुचवलंत ना? बसा गप.”

तीन महिन्यांत यजमानांचे कान तान्ह्या बाळासारखे झाले आणि ताईंच्या गळ्याभोवती कायमची एक लाल रेघ उमटली. पण हात बसला. पहिल्यासारखा नाही, रुपयातला चौदा आण्यांचा.

पार्लर उघडलं तेव्हा मास्क सक्तीचे होते. मालकीणबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या, कारण तोंडावर कापड आणि दोरा दातात, हे जमायचं कसं? ताईंनी दोरा गळ्यात अडकवला आणि समोरच्या बाईची भुवई कोरून दिली. मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. “काय डोकं आहे हो तुमचं! गिऱ्हाइकाच्या काळजीपोटी घरी बसून नवीन पद्धत शोधून काढलीत!”

खरं सांगायचा क्षण हाच होता. ताईंनी तोंड उघडलं, पण मास्कमुळे ते कुणाला दिसलं नाही, आणि पुढच्या बाईने खुर्चीत बसून डोळे मिटले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ताईंची तर ती न मागता झाकली गेली. पुढे दोन वर्षं त्यांचं नाव शिस्तीच्या, तत्त्वाच्या, दुसऱ्याचा जीव जपणाऱ्या बाई म्हणून होत राहिलं. कुणी कौतुक केलं की ताई मान खाली घालत. लोकांना तो विनय वाटे.

त्या नावावरूनच लायब्ररीबाई आल्या. आधी फोन आला होता, “तुमच्याकडे कायम मास्क लावून काम करणारं कुणी आहे का?” सार्वजनिक वाचनालयात काम करणाऱ्या, चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. भावाने मूत्रपिंड दिलेलं. ते दुसऱ्याचं मूत्रपिंड अंगाने बाहेर लोटू नये म्हणून रोज गोळी घ्यायची, आणि त्या गोळीने अंगाची लढण्याची ताकद कमी करून ठेवायची. साधं सर्दी-पडसंही त्यांना इस्पितळात नेऊन टाके. साथीची तर गोष्टच नको. त्या गोळीचं आणखी एक देणं होतं. गालावर, ओठावर, हनुवटीवर केस येत, तेही दाट. वस्तरा लावला की पुरळ उठे, औषधी क्रीम चालत नसे. राहिला दोरा.

“एका लहान मुलीने मला काउंटरवर विचारलं,” पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “बाई, तुम्ही काका आहात का?” आणि हसल्या होत्या. ताईंना हसू आलं नाही. ओठावर, हनुवटीवर दोरा फिरवायचा म्हणजे लायब्ररीबाईंना स्वतःचा मास्क काढावा लागे. त्या अर्ध्या तासात त्यांच्या आणि जगाच्या मधे फक्त ताईंच्या तोंडावरचं कापड असे. दर पाच आठवड्यांनी त्या येत, डॉक्टरांना सांगून येत. साथीच्या काळात दवाखाना सोडून त्या फक्त इथेच कुणासमोर उघड्या तोंडाने बसत.

मग सक्ती उठली. ज्याला लावायचा त्याने लावा, ज्याला नको त्याने काढा. रस्त्यावर लोकांच्या हनुवट्या दिसायला लागल्या. मालकीणबाईंनी काढला, केसवालीने काढला. ताईंनी काढला नाही. महिना गेला, दोन गेले.

विषयाला तोंड फोडलं वकीलबाईंनी. या ताईंच्या वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. कोर्टात बोलण्याची सवय असल्यामुळे खुर्चीतही बोलणाऱ्या. आरशात स्वतःकडे बघत म्हणाल्या, “डावी भुवई एका केसाने वर आहे. पूर्वी असं व्हायचं नाही. आता काय ते गळफास प्रकरण? काढा तो मास्क आणि करा दाताने, माणसासारखं.”

“आता या पद्धतीचीच सवय झालीय,” ताई म्हणाल्या.

“सवय तुम्हाला झाली, भुवई माझी आहे.”

मालकीणबाई लेप कालवता कालवता म्हणाल्या, “मीही बोलणारच होते, ताई. आत आल्या आल्या तुम्हाला बघून दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, असं दोघी-तिघी म्हणाल्या. आता पुरे झालं. सोमवारपासून सगळ्यांचे चेहरे मोकळे.”

बाकावर आपल्या पाळीची वाट बघत लायब्ररीबाई बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक होतं, पण पान उलटत नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या. “माफ करा, माझा काही अधिकार नाही. पण या बाई दुसऱ्यांसाठी एवढं करतात, त्यांना कोंडीत का पकडता? सगळे सोयीसाठी लावत होते आणि सोयीसाठी काढतायत. सोय नसतानाही लावणाऱ्या या एकट्याच.”

वकीलबाई गप्प झाल्या. कोर्टाबाहेर हे फार वेळा घडत नसे. आणि भुवईताईंना मात्र वाटलं की आता जमीन दुभंगली तर बरं. सोय! या मास्कइतकी सोय त्यांना उभ्या जन्मात कशाची झाली नव्हती.

त्या संध्याकाळी घरी चहा निवत ठेवून त्या बसून राहिल्या. यजमान म्हणाले, “झालं काय?”

“त्या बाईसमोर मी चोर आहे.”

“काय चोरलंस?”

“मान.”

यजमानांनी बशीत चहा ओतला. “खोटं बोललीस का? कुणी विचारलंच नाही. आणि आता तर शनिवारी कवळी मिळतेय तुझी. दोन दात लावून मिरव. झाकायला काही उरलं नाही की मास्क कशाला? हत्तीसारखे दाखवायचे दात झाले, संपलं.”

हे कवळीचं ताईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. किती दिवस टाळून अखेर माप दिलं होतं. शनिवारी ती मिळाली: दोन दात, गुलाबी टाळू, दोन बारीक तारा. आरशात त्यांनी तोंड उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, हसून पाहिलं. दोन-अडीच वर्षांनी त्यांना स्वतःचं हसू भेटलं. खोटं कशाला बोला, त्यांना रडू आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, “कडक चावायचं नाही. दोराबिरा ओढायचा तर विचारही नको.” तो विचार ताईंनी केलाही नव्हता. दोरा गळ्यात अडकवायचा, चेहरा मोकळा ठेवायचा, आणि सोमवारी चारला लायब्ररीबाई येतील तेवढ्यापुरता मास्क लावायचा. सगळ्यांचंच समाधान. वकीलबाईंनी तेव्हा मधेच वाद घातल्यामुळे लायब्ररीबाईंचं काम त्या दिवशी राहूनच गेलं होतं. त्यांना घाई होती, म्हणून सोमवार ठरला होता.

सोमवारी ताई उघड्या तोंडाने आत शिरल्या. केसवाली म्हणाली, “अगंबाई, तुम्हाला ओठ आहेत की!” मालकीणबाईंनी चक्क पेढा भरवावा तसं त्यांच्या गालाला हात लावला. सकाळभर बाया येत होत्या, बोलत होत्या, हसत होत्या. एकीला मधून मधून खोकला येत होता. “काही नाही हो, ॲलर्जी आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा ताईंच्या तोंडावर खोकली. ताईंनी मान वळवली, पण वळवून किती वळवणार? दोरा गळ्यात होता.

दोनला वकीलबाई आल्या. ताईंचा चेहरा पाहून त्यांनी केस जिंकल्यासारखा श्वास सोडला आणि खुर्चीत मान टाकली. “आता करा. जुन्यासारखी.”

यानंतर जे घडलं त्यात ताईंचा दोष इतकाच, की सत्तावीस वर्षांची सवय अडीच वर्षांच्या सवयीपेक्षा मोठी असते. तोंड मोकळं होतं, तोंडात दात होते, समोर ती ओळखीची भुवई होती. हाताने आपण होऊन दोऱ्याचं टोक उचललं, दातांनी ते आपण होऊन धरलं, आणि ताईंनी पीळ ताणून झटका दिला.

कवळी सुटली. दोऱ्याला लोंबकळत ती एकदा हवेत झुलली आणि टपकन वकीलबाईंच्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मधे, जाऊन बसली.

वकीलबाईंनी डोळे उघडले. आरशात पाहिलं. दोन पांढरे दात त्यांच्याकडे बघत होते.

पार्लरमध्ये इतकी शांतता झाली की ड्रायर बंद असूनही तो बंद असल्याचं ऐकू आलं. मग वकीलबाई म्हणाल्या, “भुवईताई, हे... तुमचे?”

“हो,” ताई म्हणाल्या. दोन दातांच्या फटीतून ‘हो’ वाऱ्यासारखा निघाला.

पहिल्यांदा केसवाली फुटली. मग मालकीणबाई, मग स्वतः वकीलबाई, अशा हसल्या की कवळी कपाळावरून मांडीत पडली. ताईही हसल्या, बोळक्याने, तोंडावर हात न धरता. हसता हसता सगळं बाहेर आलं: हिरडी, लवंगा, ताटली, यजमानांचे कान. वकीलबाई डोळे पुसत म्हणाल्या, “बाई, आधी सांगितलं असतंत तर मी गळफासाला नावं ठेवली असती का? ठेवली असती म्हणा, पण हळू आवाजात.”

एवढ्यावर संपलं असतं तर किती बरं झालं असतं. दोन वर्षं ज्याची धास्ती घेतली ते अर्ध्या मिनिटात हसण्यावारी गेलं होतं. ताई बेसिनपाशी कवळी धूत होत्या, तेवढ्यात दार उघडलं. लायब्ररीबाई. साडेतीनच वाजले होते. लवकर आल्या होत्या. दारातच त्या थांबल्या. त्यांनी ताईंचा उघडा चेहरा पाहिला, आणि एक पाऊल मागे घेतलं.

ताईंनी घाईघाईने पर्समधून मास्क काढून लावला. “या ना. तुमच्यासाठी आणलाच होता.”

“सकाळपासून असंच होतं?”

“हो.”

खोकणारी बाई ताईंना तेव्हा आठवली. तिचा श्वास तोंडावर कसा आला होता ते आठवलं. चार वाजता कापड बांधलं म्हणजे सकाळचं पुसलं जात नाही, ही साधी गोष्ट. सत्तावीस वर्षं कामाच्या आधी हात धुणाऱ्या बाईला ती शनिवारपासून सुचली नव्हती, कारण शनिवारपासून ती आरशात बघत होती.

त्यांनी लायब्ररीबाईंना दाराबाहेर, जिन्याच्या कट्ट्यापाशी नेलं आणि हातभर लांब उभं राहून सांगितलं. सगळं. “तुम्ही मला समजत होतात तशी मी नाही. दात पडले म्हणून तोंड झाकत होते. आज दात आले, तर काढला. माफ करा मला.”

लायब्ररीबाईंनी खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाल्या, “मी डॉक्टरांकडे तुमचं नाव सांगून परवानगी घेते. ते म्हणाले होते, एकीवर इतका भरवसा? मी म्हटलं, हो.” त्यांनी स्वतःच्या मास्कवरून हनुवटीला हात लावला. “उद्या वाचनालयात कार्यक्रम आहे. तीन वर्षांनी सगळे वाचक येणार आहेत, मला बोलायचंय. या अशा तोंडाने जाऊ? चला, मास्क लावून करा पटकन. खिडकी उघडी ठेवा. एवढं काही होत नाही.”

“नाही करणार.”

“मी म्हणतेय ना!”

“तुम्ही म्हणालात तरी. आज नाही. सकाळी एक बाई माझ्या तोंडावर खोकली आहे.”

सत्तावीस वर्षांत ताईंनी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा परत पाठवलं. लायब्ररीबाई रागाने जिना उतरल्या, आणि त्यांचा राग रास्त होता. ताई कट्ट्यापाशी तशाच उभ्या राहिल्या. त्या बाईचा खोकला साथीचा होता की खरोखर ॲलर्जीचा, हे पुढे कधीच कळलं नाही. ताई आजारी पडल्या नाहीत. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

आत आल्यावर त्यांनी मास्क काढला नाही. मालकीणबाई म्हणाल्या, “आता कशाला? दात तर सगळ्यांनी पाहिले.”

“म्हणूनच. आता दातांसाठी नाही.”

“एका गिऱ्हाइकासाठी महिनाभर तोंड बांधून ठेवणार? तिच्यापुरता लावा.”

“तिच्यापुरता लावून काय होतं ते आजच पाहिलं. आणि मला एकच माहीत आहे हो. बाकीच्या आपलं दुखणं सांगतातच कशावरून? मी दोन-अडीच वर्षं तुमच्या शेजारी उभी राहिले, तुम्हाला माझे दात गेलेले कळले नाहीत. कुणाच्या पोटात, छातीत काय आहे ते तुम्हाला कळणार?”

मालकीणबाई चिडल्या. “दवाखाना वाटतो, म्हणतात लोक.”

“वाटू दे. त्यांना केसवालीकडे पाठवा. तीही दोरा धरते हल्ली.”

तसंच झालं. काही बाया केसवालीकडे वळल्या. वकीलबाई गेल्या नाहीत, म्हणाल्या, “एक केस वर असला तरी चालेल. माझ्या कपाळावर दात ठेवणारी दुसरी कुठे मिळणार?” पण ताईंची खुर्ची पूर्वीपेक्षा रिकामी राहू लागली, आणि मालकीणबाईंचा चेहरा पूर्वीपेक्षा लांब.

नऊ दिवस ताईंनी कामावर एकदाही मास्क खाली केला नाही. पाणीसुद्धा कट्ट्यावर जाऊन प्यायल्या. दहाव्या दिवशी त्यांनी वहीतून नंबर काढून फोन लावला. घंटी बरीच वाजली.

“मी भुवईताई बोलतेय. दहा दिवस झाले. काढलेला नाही. खोकला नाही, ताप नाही. घरी हेही ठणठणीत आहेत.” ताईंनी वही मिटली. “कार्यक्रम कसा झाला?”

“मास्क लावूनच बोलले. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही.” थोडं थांबून, “एकीने विचारलं, अजून घाबरता का?”

“मग?”

“मी म्हटलं, हो.”

ताईंना माफी मागायची होती, पण ती मागून झाली होती. पुन्हा मागितली तर ती बाई ‘असू दे’ म्हणणार, आणि ते ताईंना नको होतं. त्या म्हणाल्या, “उद्या नऊला या. दिवसाची पहिली पाळी तुमची. तुमच्याआधी तिथे कुणी श्वास घेतलेला नसेल. खिडकी मी साडेआठलाच उघडते.”

“बघते,” लायब्ररीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सकाळी ताई साडेआठला आल्या, खिडकी उघडली, खुर्ची पुसली, नवा दोरा कापला. नऊ वाजले. सव्वानऊ. वहीतलं पुढचं नाव साडेनऊचं होतं. ताईंनी दोरा गळ्यात अडकवला, काढला, पुन्हा अडकवला. नऊ वीसला जिन्यावर पावलं वाजली.

लायब्ररीबाई आत आल्या. नमस्कार नाही, हसणं नाही. खुर्चीपाशी उभं राहून त्यांनी ताईंच्या मास्ककडे पाहिलं: नाकावरची पट्टी बसली आहे का, कडेने फट आहे का. पूर्वी कधी त्यांनी असं तपासलं नव्हतं. ताई हलल्या नाहीत. बघू द्यावं माणसाला.

मग त्या बसल्या. एक कान मोकळा केला, दुसरा केला, स्वतःचा मास्क घडी करून मुठीत धरला, आणि मान मागे टाकून डोळे मिटले.